वर्गासाठी ऑनलाइन साधन निवडताना: आधी मुलांच्या हातात द्या, मग ठरवा

अकरावीच्या गटप्रकल्पासाठी मी एकदा एक ऑनलाइन फळा निवडला होता. निवडला म्हणजे काय, एका प्रशिक्षणात मोठ्या पडद्यावर पाहिला, आवडला आणि दुसऱ्या दिवशी वर्गाच्या ग्रुपवर लिंक टाकून मोकळा झालो. माझ्या लॅपटॉपवर त्या रंगीत चिठ्ठ्या सुरेख दिसत होत्या. मुलांच्या फोनवर मात्र चिठ्ठीला बोट लागलं की चिठ्ठी हलायची, दोन बोटं लागली की अख्खा फळाच सरकायचा. तिसऱ्या दिवशी एका गटाच्या सगळ्या चिठ्ठ्या गायब. ज्याने त्या काढल्या त्यालाही आपण काय केलं ते कळलं नव्हतं. व्हॉट्सॲपवर 'फक्त माझ्यासाठी डिलीट' असतं ना, तसंच हे, असं त्याला वाटलं. आपल्या फोनवर गर्दी झाली म्हणून त्याने साफसफाई केली, आणि ती चौघांच्या फोनवर झाली.

चूक त्याची नव्हती. फारशी त्या साधनाचीही नव्हती. मी ते माझ्या टेबलावर पारखलं होतं, मुलांच्या हातात नाही. तेव्हापासून कुठलंही सहयोगी साधन, म्हणजे अनेकांनी मिळून वापरायचं ऑनलाइन साधन, वर्गात आणण्याआधी मी जी पद्धत वापरतो ती इथे देतो. प्रयोगशाळा लागत नाही, पैसे लागत नाहीत. कॅलेंडरवर तीन आठवडे जातात, प्रत्यक्ष काम सात-आठ तासांचं.

आधी काम, मग साधन

वापरसुलभतेची आंतरराष्ट्रीय मानकातली व्याख्या शिक्षकाच्या कामाची आहे. आयएसओ ९२४१ या मानकाच्या अकराव्या भागात ती आहे. १९९८ साली आली, २०१८ मध्ये सुधारली. तिचं सार असं: ठरावीक माणसांना, ठरावीक परिस्थितीत, ठरावीक काम किती नीट जमतं, त्याला किती खटपट पडते आणि करणाऱ्याला समाधान किती मिळतं. यातला 'ठरावीक' हा शब्द महत्त्वाचा. 'चांगलं साधन' असं काही नसतं. बारामतीच्या संगणक कक्षात उत्तम चाललेलं साधन वेल्ह्याच्या डोंगरात घरून अभ्यास करणाऱ्या मुलीला निरुपयोगी ठरू शकतं.

म्हणून पहिल्या दिवशी संगणक उघडायचाच नाही. कागदावर काम लिहायचं. माझं असं होतं: 'चौघांच्या गटाने आठवडाभरात आपल्या गावातल्या पाण्याच्या स्रोतांवर ६०० शब्दांचा अहवाल लिहायचा. प्रत्येकाने एका स्रोताची माहिती आणि फोटो द्यायचा. दुसऱ्याच्या मजकुरावर निदान दोन शेरे द्यायचे. कुणी काय लिहिलं ते मला नंतर पाहता आलं पाहिजे.' एवढं लिहिलं की गरजा आपोआप समोर येतात: एकत्र लिहिणं, फोटो, शेरे, बदलांचा इतिहास. व्हिडिओ कॉल, मतदान, हलणारी चित्रं यांची इथे गरज नाही. जाहिरातीत त्यांचंच कौतुक जास्त असतं, म्हणून हा कागद जवळ ठेवायचा.

त्याच कागदाच्या मागे वर्गाची परिस्थिती लिहा. स्वतःचा फोन किती जणांकडे, वडील कामावरून आल्यावरच फोन मिळतो असे किती, घरात रेंज येते की गच्चीवर जावं लागतं. ही माहिती कागदी चिठ्ठीवर गोळा करा. मी पहिल्या वर्षी ऑनलाइन फॉर्म पाठवला होता आणि सगळ्यांकडे उत्तम नेट असल्याचा निष्कर्ष काढला होता. ज्यांच्याकडे नेट नव्हतं त्यांनी फॉर्म भरलाच नव्हता, हे लक्षात यायला मला महिना लागला.

अजून एक प्रश्न लिहून ठेवा: खटपट कुणाची आणि फायदा कुणाचा? गटाने वापरायच्या संगणकप्रणाली का फसतात याबद्दल जोनाथन ग्रुडिन या संशोधकाने १९८० च्या दशकाच्या शेवटी दाखवून दिलं होतं की जास्तीचं काम एकाच्या गळ्यात आणि लाभ दुसऱ्याच्या पदरात पडला, की लोक ते साधन टाळतात. वर्गात हे नेहमी घडतं. मुलांनी चार ठिकाणी लॉगिन करायचं, म्हणजे सरांना गुणांचा तक्ता आयता मिळतो.

चाळणी: एका दुपारचं काम

आता तीन-चार साधनं घ्या. माझ्या यादीत सहसा गूगल डॉक्ससारखं सामाईक लेखनाचं एक, पॅडलेटसारखी चिठ्ठ्या डकवायची ऑनलाइन भिंत एक आणि संस्थेत मूडल ही ऑनलाइन अभ्यासक्रमाची प्रणाली असेल तर त्यातला विकी, म्हणजे सगळ्यांनी मिळून लिहायची पानं, एवढं असतं. प्रत्येक साधन पुढच्या गोष्टींवर तपासायचं. एखादं इथेच गळलं तर बरंच, पुढचे कष्ट वाचतात.

फोन वर्गातला सगळ्यात साधा घ्या, स्टोरेज भरलेला, काचेला तडा असलेला. लिंकवर बोट ठेवल्यापासून पहिलं अक्षर उमटेपर्यंत किती पडदे पार करावे लागले ते मोजा. ॲप डाउनलोड करा, खातं काढा, ईमेल तपासा, परवानगी द्या... तीनच्या पुढे गेलं की मी लाल खूण करतो. त्या वाटेवर मुलं गळतात आणि आपण म्हणतो, 'उत्साह नाही.'

मराठीसाठी माझ्याकडे एक ओळ तयार आहे: 'दुसऱ्या तऱ्हेचा ॲप, ज्ञानेश्वरीतला दृष्टांत, श्रद्धेची कृती.' ही ओळ फोनच्या कीबोर्डवरून टाइप करायची, एकदा बोलूनही टाकायची. मग 'दुसऱ्या' हा शब्द शोधून सापडतो का ते बघायचं, आणि शेवटी फाइल पीडीएफमध्ये उतरवून 'ऱ्या' शाबूत आहे की नाही ते पाहायचं. पडद्यावर नीट दिसणारं जोडाक्षर पीडीएफमध्ये फुटलेलं मी अनेकदा पाहिलंय. सहकाऱ्यांनी श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या नोट्स चिकटवल्या तर पडद्यावर रोमन अक्षरांचा खिचडा दिसेल. तो दोष साधनाचा नाही, मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या साधनांना कळणाऱ्या सामाईक अक्षरसंकेतात, नसल्याचा आहे. निकालात तो साधनाच्या नावावर लिहू नका.

डेटाचा खर्च फोनच्या सेटिंगमध्ये प्रत्येक ॲपपुढे दिसतो. काम सुरू करण्याआधीचा आकडा आणि वीस मिनिटांनंतरचा आकडा, दोन्ही टिपा. दिवसाच्या दीड जीबीत घरातली तीन माणसं भागवत असतील तर हा फरक मोठा ठरतो.

फुकट वापराची मर्यादा नेमकी कुठे आडवी येते तेही बघा. झूमची फुकटची बैठक ४० मिनिटांत संपते. हजेरी, 'आवाज येतोय का' आणि 'माइक बंद करा' यातच त्यातली दहा जातात. फुकट भिंतींची संख्या मर्यादित असेल तर बारा गटांना बारा भिंती कुठून आणणार?

बाहेर पडायची वाट आधी शोधा. गूगलने जॅमबोर्ड हा आपला ऑनलाइन फळा ३१ डिसेंबर २०२४ रोजी बंद केला. लॉकडाऊनपासून कितीतरी शिक्षकांनी त्यावर पाठ रचले होते. म्हणून चाचणीच्या दिवशीच सगळं काम बाहेर काढून पाहायचं: मजकूर मजकूर म्हणूनच मिळतो, की फक्त चित्र मिळतं?

आणि कायदा. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालची व्यक्ती बालक धरली आहे, म्हणजे आपली अकरावी-बारावी जवळपास सगळी. अशांच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळता येणाऱ्या संमतीची अट आहे, शैक्षणिक संस्थांना काही बाबतीत सवलत. आपल्यापुरतं एवढं करावं: साधन मुलांकडून काय काय माहिती मागतं याची यादी प्राचार्यांना दाखवावी आणि पालकांची सही घ्यावी. जन्मतारीख आणि फोन नंबर विनाकारण मागणारं साधन मी तिथेच बाजूला ठेवतो.

तिघांनी मिळून तपासणी

चाळणीतून उरलेली एक-दोन साधनं घेऊन दोन सहकाऱ्यांसोबत बसा. वापरसुलभतेचे तज्ज्ञ याकोब नील्सन यांनी रॉल्फ मोलिख यांच्यासोबत १९९० मध्ये तपासणीची एक पद्धत मांडली आणि १९९४ मध्ये तिचे दहा निकष पक्के केले. आपण कुठे आहोत ते साधन सांगतं का, चुकलं तर मागे फिरता येतं का, वापरणाऱ्याच्या भाषेत बोलतं का, अशा धाटणीचे ते आहेत. प्रत्येकाने आधी एकट्याने तपासायचं, मग याद्या जुळवायच्या. आधीच एकत्र बसलात तर सगळ्यात वरिष्ठ सर बोलतील तीच यादी होते. सापडलेल्या प्रत्येक दोषाला ० ते ४ गुण: ० म्हणजे दोषच नाही, ४ म्हणजे हे दुरुस्त झाल्याशिवाय वापरायचं नाही.

पण हे दहा निकष मुळात एका माणसाने एक पडदा वापरण्यासाठीचे. चौघं एकत्र काम करतात तेव्हा वेगळंच काही लागतं. कॅनडातले संशोधक कार्ल गटविन आणि सॉल ग्रीनबर्ग यांनी २००० साली सामाईक जागेतल्या कामाच्या सात मूलभूत क्रिया मांडल्या. माझ्या भाषेत: एकमेकांशी बोलता-दाखवता येणं, न बोलता एकमेकांचं काम कळणं, ताळमेळ, आखणी, कामावर नजर, मदत आणि आपल्या कामाची राखण.

यातली दुसरी सगळ्यात नाजूक. पंगतीत भातवाला पुढे सरकला की वरणवाला आपोआप त्याच्या मागे येतो, कुणी कुणाला हाक मारत नाही. ऑनलाइन जागेत ही नजर नसते, साधनाला ती द्यावी लागते. दुसऱ्याचा कर्सर दिसतो का? फोनवरही दिसतो का, की फक्त लॅपटॉपवर? त्यावर नाव येतं, की कुणी 'अनामिक' प्राणी फिरताना दिसतो? मुलं लिंकवरून लॉगिनशिवाय शिरली की नावं जातात, आणि नावं गेली की गटातली जबाबदारीही जाते. पडदे कमी हवेत आणि नावंही हवीत, ही ओढाताण प्रत्येक साधनात असते. मी अशा वेळी नावांच्या बाजूने झुकतो.

ताळमेळ आणि राखण या दोन्हींवर साधनं वेगवेगळी वागतात. गूगल डॉक्समध्ये सगळे एकाच वेळी एकाच ओळीतही लिहू शकतात. मूडलच्या विकीत एकजण पान संपादित करत असला की दुसऱ्याला ते कुलूपबंद मिळतं. पहिल्यात गोंधळाची शक्यता, दुसऱ्यात ताटकळण्याची. आठवडाभर आपापल्या वेळी लिहायचं असेल तर कुलूप खपून जातं. तासाभरात वर्गात लिहायचं असेल तर तिघं हातावर हात ठेवून बसतात. साधन आवडतं की नाही हा इथे मुद्दाच नाही, पहिल्या दिवशीचा कागद काय सांगतो ते बघा.

सहकाऱ्यांपैकी एकाने फोनचं टॉकबॅक (पडद्यावरचं वाचून दाखवणारी सोय) सुरू करून डोळे मिटून एक शेरा द्यायचा प्रयत्न करावा. वर्गात दृष्टिहीन विद्यार्थी असेल तर ही तपासणी त्याच्यासोबतच करा, आपल्या अंदाजाने नको.

मुलांसोबत चाचणी: खरा दिवस

माणूस काम करताना मनातलं मोठ्याने बोलतो आणि आपण ऐकतो, ही वापरसुलभता चाचणीची रूढ रीत. आपल्या वर्गात ती जमत नाही. सर समोर बसले की मूल बोलायचं थांबतं आणि दर मिनिटाला विचारतं, 'सर, बरोबर आहे ना?' यावर उपाय म्हणजे जोडी. जपानी संशोधक नाओमी मियाके यांनी १९८६ मध्ये शिवणयंत्र कसं चालतं हे दोन-दोन माणसांना मिळून समजून घ्यायला लावलं आणि त्यांचं बोलणं अभ्यासलं. दोघं असली की विचार आपसूक बाहेर येतो, कारण तो सोबत्याला सांगावाच लागतो.

सहयोगी साधनासाठी दोन जोड्या लागतात. एक जोडी एका खोलीत, दुसरी शेजारच्या खोलीत, प्रत्येक जोडीला एक फोन. एका खोलीत चौघांना बसवलंत तर ती तोंडानेच ठरवतील आणि साधन परीक्षेतून सुटेल. प्रत्येक खोलीत एक शिक्षक, गप्प बसणारा. एकूण तीन बैठका घ्या, बारा मुलं. पाच वापरकर्त्यांत सुमारे ८५ टक्के दोष सापडतात हे नील्सन यांचं गणित तुम्ही ऐकलं असेल. ते प्रत्येक माणसाला सरासरी ३१ टक्के दोष दिसतात या गृहीतावर उभं आहे आणि एकसारख्या वापरकर्त्यांसाठी आहे. वर्ग एकसारखा नसतो. म्हणून हुशार, चटपटीत, हात वर करणारी मुलंच उचलू नका. मागच्या बाकावरची, फोन कमी हाताळलेली आणि आईच्या फोनवर काम करणारी मुलं त्यात हवीतच.

सुरुवातीला हे वाक्य म्हणायचंच: 'परीक्षा तुमची नाही, या साधनाची आहे. अडलात तर दोष त्याचा.' स्क्रीन रेकॉर्डिंग करणार असाल तर आधी विचारा आणि नोटिफिकेशन बंद करायला लावा, नाहीतर घरचे खाजगी निरोप आपल्या फाइलमध्ये येतात.

कामं कागदावर, एकेक चिठ्ठी करून द्यायची. चिठ्ठीत बटणावरचा शब्द येऊ द्यायचा नाही. 'कॉमेंट करा' असं लिहिलंत की मुलं तो शब्द शोधतात आणि आपण वाचनाची परीक्षा घेतो. माझ्या पाच चिठ्ठ्या:

१. या लिंकवर गटाचा अहवाल आहे. त्यात तुमच्या गावच्या विहिरीबद्दल तीन ओळी लिहा आणि हा फोटो जोडा.

२. दुसऱ्या जोडीचं एक वाक्य तुम्हाला चुकीचं वाटतंय. त्याला हात न लावता त्यांना कळवा.

३. आता दोन्ही जोड्यांनी पहिला परिच्छेद एकाच वेळी सुधारायचा आहे.

४. तुमच्या विहिरीच्या तीन ओळी कुणीतरी पुसल्या आहेत. त्या परत आणा. (या चिठ्ठीआधी दुसऱ्या खोलीतून त्या खरोखर पुसायच्या.)

५. मोबाइल डेटा बंद करा, दोन ओळी लिहा, दोन मिनिटांनी डेटा सुरू करा.

पाचव्या चिठ्ठीवर भलीभली साधनं आडवी पडतात. एकदा एका जोडीने डेटा बंद असताना निष्ठेने दोन ओळी लिहिल्या. डेटा सुरू झाल्यावर पान ताजं झालं आणि ओळी गेल्या. साधनाने हू की चू केलं नाही. मुलगी एवढंच म्हणाली, 'म्हणजे काल माझंही असंच गेलं असणार.' आदल्या दिवशी दुसऱ्या शिक्षकांनी तिला काम केलं नाही म्हणून बोल लावला होता.

टिपायचं काय? प्रत्येक चिठ्ठीपुढे जमलं, मदतीने जमलं की जमलं नाही, लागलेला वेळ, अडखळलेली जागा, आणि मुलांचे नेमके शब्द. 'सर, हे निळं काय हलतंय?' हे वाक्य जसंच्या तसं लिहा, 'विद्यार्थ्यास कर्सर ओळखता आला नाही' असं नको. मदत करायचा मोह अनावर होतो. माझा नियम: तीन मिनिटं तोंड उघडायचं नाही, मग एकच प्रश्न, 'आता काय होईल असं वाटतंय?' उत्तर कधीच नाही.

दहा वाक्यांची प्रश्नावली

समाधान मोजायला जॉन ब्रुक यांनी १९८६ मध्ये तयार केलेली एसयूएस (सिस्टिम युजेबिलिटी स्केल) ही दहा वाक्यांची मोजपट्टी पुरते. प्रत्येक वाक्याला १ ते ५. विषम क्रमांकाची वाक्यं कौतुकाची, समक्रमांकाची तक्रारीची. विषम उत्तरातून १ वजा करायचा, सम उत्तर ५ मधून वजा करायचं, सगळ्याची बेरीज करून २.५ ने गुणायचं. समजा एका मुलाची उत्तरं क्रमाने ४, २, ४, १, ४, २, ३, २, ४, ३ आहेत. विषम वाक्यांचे ३+३+३+२+३ म्हणजे १४, समचे ३+४+३+३+२ म्हणजे १५. एकूण २९, गुणिले २.५, उत्तर ७२.५. ही टक्केवारी नव्हे. अनेक अभ्यासांची सरासरी ६८ च्या आसपास येते, तिच्याशी ताडून बघायचं.

आपल्याकडे दोन अडचणी येतात. 'हे साधन उगाच किचकट वाटलं' यापुढे 'अजिबात पटत नाही' निवडायचं म्हणजे दुहेरी नकार, त्यात मुलं घसरतात. वाक्यं मोठ्याने वाचून दाखवा. आणि कागदावर नाव लिहायला लावू नका, नाहीतर सगळे सरांना खूश करतात. बारा जणांच्या आकड्यावर मी निर्णय घेत नाही. चाचणीत दिसलेल्याशी तो जुळतो का, एवढंच बघतो. कामं फसली तरी गुण ८५ आले, तर मुलांनी आपल्याला ओवाळलं असं समजायचं.

दोन आठवडे खऱ्या कामात

शेवटी एका तुकडीला खरा प्रकल्प द्या, पण गुण या साधनाला बांधू नका. इथे मी एक घरगुती माप वापरतो: साधनातून व्हॉट्सॲपवर किती सांडतं. गटाचं बोलणं थोडंफार तिकडे जाणारच. पण मजकूरच तिकडे लिहून 'तू तिकडे चिकटव' असं चालू झालं, म्हणजे एकजण कारकून झाला आणि तिघं प्रेक्षक. दर शनिवारी प्रत्येक गटाला विचारायचं: या आठवड्यात साधन सोडून दुसरीकडे कशासाठी जावं लागलं? जास्त वेळा आलेली तीन कारणं हाच तुमचा निकाल.

बदलांचा इतिहासही उघडा, पण जपून. जिच्या नावावर एकही बदल नाही ती मुलगी बसस्टँडवर मैत्रिणीच्या फोनवरून मजकूर सांगत होती, असं मला एकदा कळलं. त्या इतिहासावरून मी गुण कापणार होतो.

दोषांच्या यादीत ४ गुणांचा एकही दोष उरला असेल तर साधन नाही म्हणजे नाही, प्रश्नावलीत कितीही आलेले असोत. ३ गुणांच्या दोषांवर वर्गात नियम करून भागतं का बघा. आमच्याकडे 'लिहिण्याआधी परिच्छेदाच्या वर आपलं नाव टाका' एवढ्या एका नियमाने अर्धे तंटे मिटले.

निर्णय एका पानावर लिहा: काम काय होतं, कोणत्या फोनवर पाहिलं, काय अडलं, कोणत्या तारखेला. तारीख हवीच, कारण एका अपडेटमध्ये बटणं जागा बदलतात. त्या पाच चिठ्ठ्या फाइलला टाचून ठेवा. जूनमध्ये नवी तुकडी आली की दोन जोड्या बसवून चौथी आणि पाचवी चिठ्ठी तेवढी पुन्हा द्यायची, अर्ध्या तासाचं काम आहे.